कॅसिनोबद्दल वेदीवरून बोलले जाते. घरातल्या प्रश्नांबद्दल ख्रिस्तसभेने कसे बोलावे?

प्रश्न : बार्देशची सून

माझे माहेर सावंतवाडीचे. आमच्या घरी प्रार्थना मराठीत आणि भांडणे मालवणीत होत असत. लग्न होऊन गोव्यात, बार्देशात आले त्याला आता एकोणीस वर्षे झाली. सासरी कोंकणी बोलतात, इगर्जीतही, म्हणजे चर्चमध्येही, कोंकणीच चालते, पण लिहायला बसले की हात अजून मराठीकडे वळतो, म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे.

आमच्या पॅरिश मंडळाने पावसाळा संपल्यावर पालक आणि तरुण यांच्यासाठी तीन संध्याकाळची चर्चा ठरवली आहे आणि तिच्यासाठी चार पानांचे टिपण करण्याचे काम विगारांनी, म्हणजे इगर्जीच्या मुख्य धर्मगुरूंनी, माझ्याकडे दिले आहे. बदलत्या काळातील सांस्कृतिक प्रश्नांना ख्रिस्तसभेने कसा प्रतिसाद द्यावा, असा विषय आहे. मी दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले, कारण दोन्ही वेळा ते टिपण आमच्या गावाऐवजी कोणत्याही गावाला चालले असते.

विषय निघाला कसा तेही सांगते. मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना, होते. अबोलीचे हार, मेणबत्त्यांच्या रांगा, व्हायोलिनवर दरवर्षीचे तेच आजोबा. लदीन संपल्यावर कागदाच्या पुड्यांतून उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटले गेले, मोठ्यांच्या हातांत लहान ग्लास आले. तेवढ्यात चोवीस वर्षांचा एक मुलगा, दोतोर्नीत (धर्मशिक्षणाच्या वर्गात) माझाच विद्यार्थी, विगारांसमोर येऊन शांतपणे म्हणाला, “फादर, मांडवीतल्या कॅसिनोंबद्दल तुम्ही तीन आयतार बोललात. माझ्याबद्दल कधी बोलणार?” तो कशाबद्दल विचारतो आहे हे तेथल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते ठाऊक नसल्यासारखे केले. विगार हातातल्या पुडीकडे बघत म्हणाले, “बोलूया, पण इथे नको.” त्याची आई खुरसाजवळ गेली आणि अजून जळत असलेल्या मेणबत्त्या एकेक करून विझवून गोळा करू लागली.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत मते फुटली. काहींच्या मते या विषयांत चर्चने पडूच नये, कारण पडले की तरुण दुरावतात; काहींना वेदीवरून स्पष्ट निषेध हवा आहे; आणि तरुणांच्या गटाला वाटते की सर्वांना आपलेसे म्हटले की पुरे, पुढचे कोणी विचारू नये. मला यांतले एकही म्हणणे पुरेसे वाटत नाही, पण माझे स्वतःचे म्हणणे मला नीट मांडता येत नाही. आंतरधर्मीय लग्ने, समलिंगी मुले आणि त्यांचे पालक, फेस्तातले (इगर्जीच्या उत्सवातले) जातीचे मान, हे तीन प्रश्न आमच्या गावात प्रत्यक्ष उभे आहेत. खाणी, कॅसिनो, मोलेचे जंगल यांवर आपले आर्चडायोसिस (आर्चबिशपांचा धर्मप्रांत) आणि त्याची सामाजिक न्याय व शांतता परिषद ज्या मोकळेपणाने बोलते, तो मोकळेपणा या तीन ठिकाणी कसा आणावा, किंवा आणावा की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : वसईकर, मुक्काम जुने गोवे

ताई, मी तीस वर्षे धर्मशिक्षण शिकवले आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

‘संस्कृती’ हा शब्द टिपणाच्या पहिल्या वाक्यात येऊ देऊ नका. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला तो शब्द सरळ हाताळता येत नाही, कारण या भूमीवर चर्चने संस्कृतीला दोन वेगवेगळ्या प्रकारांनी उत्तर दिले आणि दोन्हींच्या खुणा अजून आपल्या घरांत आहेत.

पहिले उत्तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, येथली भाषा शिकला आणि पुराणांवर बंदी आल्यामुळे नव्या ख्रिस्ती कुटुंबांकडे ऐकायला-गायला काही उरलेले नाही, ही त्यांची तक्रार त्याने कानाआड केली नाही. पुराणाची गोडी ही खोड समजून ती मोडण्याऐवजी त्याने त्याच ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती शाळेत सगळेच पाठ करतात. ती करण्याआधी तो किती वर्षे लोकांच्या ओट्यावर बसून ऐकत राहिला असेल, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

दुसरे उत्तर १७३६ सालचे, इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाचे. लग्नातली हळद, विडा, बायकांनी म्हणायची गाणी, पुरुषांचे पुडवे, बायकांच्या चोळ्या, इतकेच काय तर मीठ न घालता भात शिजवणे, यांवर त्याने बंदी घातली. आता आपल्याच गावातले लग्न आठवून पाहा. आदल्या दिवशी नवरा-नवरीला नारळाचा रोस लावतात, बायका त्या वेळची गाणी म्हणतात, आणि कित्येकदा विगार स्वतः येऊन आशीर्वाद देऊन जातात. फर्मान काढणारे न्यायालय १८१२ मध्ये बंद झाले; रोस राहिला. विश्वास आणि सवय यांतला फरक न करता काढलेला हुकूम टिकत नाही, एवढेच मला यातून घ्यायचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज संमत केला, त्याची सुरुवात माणसांच्या आनंदाने, आशेने, दुःखाने आणि चिंतेने होते. हुकूम त्यात नंतरही फारसे नाहीत.

आता तुमचे प्रश्न. आंतरधर्मीय लग्नाबद्दल बहुतेक पालक अर्धवट ऐकीव माहितीवर घाबरलेले असतात, म्हणून तेथे आधी नियम सांगावा. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचे तर कॅथलिक व्यक्तीला बिशपांकडून सूट घ्यावी लागते. आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन फक्त कॅथलिक बाजू देते. दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना द्यायची असते, तिच्याकडून वचन घ्यायचे नसते. १९७० पूर्वी दोघांकडून वचन घेत असत आणि लोकांच्या मनात अजून तोच काळ आहे. धर्मांतराची अट तर नाहीच. ही चार वाक्ये छापील मिळाली तरी अनेक घरांतली निम्मी रडारड थांबेल.

त्या मुलाबद्दल जपून लिहितो. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने वागवावे, अन्याय्य भेदभाव करू नये, असे १९९२ पासून लिहिलेले आहे, आणि त्याच ग्रंथात समलिंगी शरीरसंबंधांना मान्यता नाही हेही लिहिलेले आहे. दोन्ही वाक्ये एकाच पानाच्या परिसरात आहेत. आपल्याकडे बहुतेकांनी दुसरेच ऐकले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य झाला नाही. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने १८ डिसेंबर २०२३ रोजी काढलेल्या निवेदनाने अशा जोडप्यांना विवाहविधीसारखे न दिसणारे, विधिग्रंथाबाहेरचे साधे आशीर्वाद देण्याची मुभा दिली, विवाहाची शिकवण मात्र बदलली नाही. आणि आफ्रिकेतल्या बिशपांनी पुढच्याच महिन्यात आपल्याकडे हे होणार नाही असे कळवले. तेव्हा चर्च जे देत नाही त्याचे आश्वासन टिपणात देऊ नका. पण जे देते ते, म्हणजे इगर्जीतली जागा, विगारांचा वेळ, आईच्या शेजारी बसणारे कोणीतरी, हे रोखूनही धरू नका. तुमच्या विगारांनी “इथे नको” म्हटल्यावर पुढे कुठे आणि कधी ते सांगितले का, हे मला विचारावेसे वाटते.

कॅसिनोबद्दल बोलणे सोपे का जाते, याचे कारण साधे आहे. त्यातला दोषी नदीत नांगर टाकून उभा असतो, बाकावर बसलेला नसतो. मी वसईचा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या आणि पाण्याच्या टँकरांच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा आम्ही हिंदू शेजाऱ्यांबरोबर रस्त्यावर होतो आणि ख्रिस्तसभेचा अभिमान वाटत होता. त्याच वर्षांत आमच्या आळीतली एक मुलगी दुसऱ्या धर्मात लग्न करून गेली आणि तिच्या आईला आम्ही सगळ्यांनी मिळून दोन वर्षे एकटे पाडले. हरितपट्ट्यासाठी घोषणा देणारेच आम्ही होतो.

उत्तर : पर्वरीचा निवृत्त

वसईकरांचे उत्तर विद्वत्तेचे आहे, पण त्यात एक चलाखी आहे आणि ती दाखवून देणे मला भाग आहे. १७३६ चे उदाहरण एकदा समोर ठेवले की आज विगाराने काढलेला प्रत्येक नकार इन्क्विझिशनसारखा दिसू लागतो. त्या फर्मानामागे राजसत्ता होती, तुरुंग होता. आजच्या विगाराच्या नकारामागे काय आहे? त्याचे कोणी ऐकले नाही तर तो पुढच्या आयतारी पुन्हा तेच सांगतो, इतकेच. कॅसिनोला नाही म्हटले की तो आपल्याला शूर वाटतो आणि विवाहाबद्दल जुनी शिकवण सांगितली की निर्दय वाटतो, हा दुटप्पीपणा श्रोत्यांचाही आहे.

शिकवण मताला टाकून ठरत नाही. शिवाय तरुण दुरावतात ते कडक बोलण्यामुळे, हे मला पटत नाही. आमच्या वाड्यावरच्या अकरा घरांपैकी पाच घरांना टाळे आहे, कारण मुले पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली. त्यांना कोणी रागे भरले नव्हते. बाईंनी टिपणात चौथा प्रश्न म्हणून हा घ्यावा. प्रत्येक गोष्टीला होकार देणारे चर्च भरते असेही कुठे दिसत नाही.

उत्तर : वसईकर, मुक्काम जुने गोवे

सत्तेचा मुद्दा मान्य आहे; तो मी लिहायला हवा होता. एवढेच म्हणेन की राजसत्ता गेली तरी गावात विगाराच्या शब्दाला वजन असते, आणि लग्नाच्या दाखल्यासाठी, शाळाप्रवेशासाठी, आईच्या दफनासाठी त्याच्याच दारात जायचे असते. हे वजन त्याला स्वतःला जाणवत नाही, समोर उभ्या असलेल्याला जाणवते. टाळे लागलेल्या घरांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे.

उत्तर : डिचोलीकर

मी हिंदू आहे आणि मराठी शाळेत शिक्षक होतो. चर्चने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे या राज्यात ख्रिस्ती २५ टक्के आहेत आणि उरलेल्यांपैकी बहुतेक आम्ही, तेव्हा त्यांच्या इगर्जीत ठरलेले आमच्या अंगणापर्यंत येतेच.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला ईस्टरनंतर पंधरवड्याने आमच्याकडची माणसे तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण सात बहिणींपैकी दोघी, असे आमच्या आजीने सांगितले आणि तिला तिच्या आजीने. धर्मशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हे नाते बसत नसणार. तरीही माझ्या आठवणीत रांगेतल्या तेलाच्या बाटल्या कोणी अडवल्या नाहीत आणि वेदीवरून त्यावर निबंधही वाचला नाही. याला मी शहाणपणा म्हणतो. काही ठिकाणी न बोलणे हेच उत्तर असते, फक्त ते घाबरून न बोलणे नसावे.

उलट भाषेच्या प्रश्नावर चर्चने आमच्याशी बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवले, तेव्हा चर्चच्या शाळा इंग्रजी सोडून कोंकणी माध्यमाकडे वळल्या; २०११ मध्ये इंग्रजीला अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यांतल्या बहुतेक पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. पालकांची मागणी होती हे मी जाणतो. आमच्या मराठी शाळांतले पटही त्याच मागणीने ओस पडले. पण ज्या ख्रिस्तसभेने राचोलला मराठी छापली, तिने मातृभाषेतल्या शिक्षणाबद्दल पालकांशी वाद घातला असता तर तो वाद या राज्यात कोणीतरी मनापासून घातला असे झाले असते. मागणी पुरवणे हाही सांस्कृतिक प्रश्नाला दिलेला प्रतिसादच आहे, आणि तो विचार करून दिला होता का, हे विचारायला हवे.

लग्नाबद्दल वसईकरांनी नियम सांगितला तो मी अनुभवला आहे. माझ्या पुतणीने तिसवाडीतल्या कॅथलिक मुलाशी लग्न ठरवले तेव्हा तिला नाव बदलावे लागेल, बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले काय काय माझा भाऊ रोज रात्री वाचून दाखवत असे. शेवटी आम्ही दोघे त्या मुलाच्या विगारांना भेटायला गेलो. त्यांनी कोकमचे सरबत दिले, कागद काढला आणि कोणते वचन कोण देतो ते अर्ध्या तासात वाचून दाखवले. मग नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी होते हे समजावले, आणि खरे सांगायचे तर भावाचा चेहरा विगारांपेक्षा त्या कारकुनाने जास्त उजळवला.

उत्तर : केप्याचा शिक्षक

मी कॅथलिक, गावडा समाजातला, आणि प्राथमिक शाळा मराठीत शिकलेला, कारण आमच्या भागात तेव्हा तीच जवळ होती. वरची उत्तरे वाचताना एक गोष्ट खटकली. ताईंनी तीन प्रश्न विचारले. चर्चा दोनांवर झाली. जातीचा प्रश्न सगळ्यांनी आदराने बाजूला ठेवला.

माझ्या वडिलांनी आमच्या इगर्जीच्या फेस्ताला कितीतरी वर्षे बाक उचलले, मांडव घातला, पताका बांधल्या, मिरवणुकीच्या वाटेवर पाणी शिंपडले. कॉन्फ्रारीचे (फेस्ताचा मान सांभाळणाऱ्या मंडळाचे) ओपा-मुर्स, म्हणजे झगा आणि त्यावरची खांद्यावरची रंगीत झूल, त्यांच्या अंगावर कधी चढले नाही. तो मान गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा, असे सांगत असत, आणि गावकार म्हणजे कोण हे बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते. मिरवणूक निघाली की वडील बाजूला उभे राहून टोपी काढत. त्यांना दुःख होते की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात हा विषय निघतच नसे. मी एकदा, सातवीत असताना, दोतोर्नीच्या बाईंना विचारले की स्वर्गातही वेगवेगळ्या कॉन्फ्रारी असतील का. त्यांनी मला बाहेर उभे केले.

काही इगर्जींनी फेस्त सर्वांसाठी खुले केले आहे, ते मी पाहिले आहे आणि त्याचे श्रेय देतो. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेच्या आत भेदभाव आहे हे त्यात उघड मान्य केले. सरकारने गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींत घेतले ते २००३ मध्ये, आणि त्यात आमच्यासारखे ख्रिस्तीही आले. म्हणजे शासनाच्या यादीत आम्ही कोण हे लिहिले गेले, बिशपांच्या कागदावर रोग लिहिला गेला, पण गावच्या फेस्ताच्या वहीत अजून जुनीच नावे आहेत.

नव्या प्रश्नांना ‘सांस्कृतिक’ म्हणायचे आणि जुन्यांना ‘परंपरा’, ही वाटणी टिपणात करू नये, एवढी विनंती आहे. त्या मुलाला मिळालेले “इथे नको” आमच्या लोकांनी फार पूर्वीपासून ऐकलेले आहे, त्यामुळे ते वाचताना मला नवल वाटले नाही. पर्वरीच्या काकांना विचारतो: शिकवण मताला टाकून ठरत नाही हे कबूल, पण मुर्साचा रंग कोणत्या शिकवणीने ठरला?

उत्तर : पर्वरीचा निवृत्त

कोणत्याही नाही. मी स्वतः चौदा वर्षे ते मुर्स घातले आहे. या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही आणि जे आहे ते लिहायला मला लाज वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : बार्देशची सून

सर्वांचे आभार. पाच आठवडे उलटले, म्हणून काय झाले ते कळवते.

वसईकर सरांचा प्रश्न मी विगारांना तसाच विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की त्या रात्रीनंतर त्यांनी त्या मुलाला दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही, आणि तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. मी त्यांच्याकडून टिपणासाठी फक्त नियम आणि तारखा तपासून घेतल्या. आंतरधर्मीय लग्नाची चार वाक्ये स्वतंत्र कागदावर कोंकणीत आणि मराठीत छापतो आहोत, आणि पहिल्या संध्याकाळी डिचोलीकर सरांच्या सूचनेप्रमाणे (सूचना नव्हती, पण मी तशी घेतली) नोंदणी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला बोलावले आहे.

जातीच्या प्रश्नावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या आणि दुसरी अर्ध्यात उठली. कॉन्फ्रारीचे अध्यक्ष म्हणाले की फेस्ताच्या तोंडावर हा विषय कशाला. फेस्त सात महिन्यांनी आहे. दुसरी संध्याकाळ याच विषयाला ठेवावी असे मी लेखी दिले आहे आणि केप्याच्या सरांचे वडिलांबद्दलचे लिखाण, गाव आणि नाव न सांगता, तेथे वाचून दाखवण्याची परवानगी त्यांच्याकडे मागते आहे. विगारांचा विरोध नाही, पण त्यांनी अजून सहीही केलेली नाही. पर्वरीच्या काकांचा टाळे लागलेल्या घरांचा प्रश्न मी घेतला नाही. तीन संध्याकाळीत तो मावणार नाही. त्यांनी आमच्या गावी येऊन तो स्वतः मांडावा, असे आमंत्रण देते.

टिपणाचे तिसरे पान त्या मुलाला आधी वाचायला द्यायचे असे मी ठरवले होते. आमच्या बाल्कांवावर (ओसरीवर) बसून त्याने ते दोनदा वाचले. शिकवण काय आहे तो परिच्छेद त्याने जसाच्या तसा ठेवला. त्याला तो माझ्यापेक्षा नीट पाठ होता. “अशा मुलांच्या पालकांनी काय करावे” या शीर्षकातला पहिला शब्द मात्र त्याने पेनाने खोडला आणि पान परत दिले. आता शीर्षक त्या शब्दाविनाच छापले जाईल. विगारांचा तिसरा फोन त्याने उचलला, एवढे तो जाता जाता म्हणाला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

तिसरी संध्याकाळ कुठे घ्यायची हे अजून ठरायचे आहे. विगार इगर्जीचे सभागृह म्हणतात, कारण तेथे पंखे आहेत आणि पाऊस आला तर छप्पर आहे. त्या मुलाची आई म्हणते की खुरसाकडेच घ्या, मेणबत्त्या मी आणते.